उस्तादांच्या आईची कॅसेट

सेफ्टीच्या फिल्ममध्ये मेलेला माणूस दाखवायचा नसतो. पडताना दाखवायचा, हेल्मेट घरंगळताना दाखवायचं, मग काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत सूचना. आखातात, दम्माममधल्या एका छोट्या कंपनीत मी गेली कित्येक वर्षं हेच जोडत बसलोय. रास तनुराच्या रिफायनरीत शिडी कशी धरावी, रास अल खैरला बंद टाकीत एकट्याने का उतरू नये, उन्हात पाणी कधी प्यावं. मी एडिटर. इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, मात्र माझा धंदा ॲल्युमिनियम फिटर असा लिहिलाय. आयुष्यात ॲल्युमिनियमची एक पट्टी कापलेली नाही मी. कफीलकडे, म्हणजे मला इथे आणणाऱ्या अरब मालकाकडे, त्या वर्षी फिटरचा व्हिसा शिल्लक होता, म्हणून मी फिटर.

त्याआधी गावाकडे, रायगडच्या किनाऱ्यावर, मी लग्नाच्या कॅसेटी जोडायचो. निकाहाचं शूटिंग घ्यायचं, त्यातला सगळा आवाज उडवायचा आणि वर पिक्चरची गाणी चढवायची. आवाजात असायचं तरी काय? जनरेटरची घरघर, पोरांची रडारड आणि आचाऱ्याच्या शिव्या. इथे आलो तरी तेच. आमची एकच फिल्म अरबीत निघते, इंग्रजीत निघते, हिंदीत, उर्दूत, बंगालीत, फिलिपिनोत. त्यामुळे शूटिंगच्या वेळचा आवाज कुणाच्या बापाला नको असतो. तो फेकायचा आणि त्या त्या भाषेतला माणूस आणून वर बोलवायचा. म्हणजे आयुष्यभर मी खाल्लं ते लोकांचे आवाज फेकून. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्या हातून जे झालं ते माझ्यासारख्याच्याच हातून होऊ शकतं. सबब म्हणून नाही सांगत. सबब सांगायची लायकी राहिलेली नाही.

उस्ताद आमच्याकडे डायरेक्टर म्हणून आले तेव्हा साठीला टेकले होते. सीरियाच्या अगदी वरच्या टोकाच्या गावचे, कुर्द. मोठ्या माणसाला इथे उस्ताद म्हणतात, तसं सगळे म्हणायचे. त्यांच्या इकाम्यावर धंदा होता पेंटर. मी म्हटलं, चला, एका खोलीत एक खोटा फिटर आणि एक खोटा पेंटर. ते हसले. मला ते 'बॉम्बे' म्हणायचे. मी शंभरदा सांगितलं, मी मुंबईचा नाही, आमचं गाव मुंबईपासून लांब, समुद्राकाठी आहे. पालथ्या घड्यावर पाणी. आमची बोलीही अशीच, थोडी अरबी, थोडं इंग्रजी आणि त्यांनी इथे राहून उचललेलं मोडकंतोडकं हिंदी.

पहिल्याच महिन्यात आमचं वाजलं. हातमोजे कसे वापरावेत अशी फिल्म होती. उस्तादांनी एका नेपाळी मजुराचा एकच शॉट घेतला होता. तो माणूस काम संपल्यावर मोजे काढतो आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत बसतो, बराच वेळ. मी भडकलो. म्हटलं, "उस्ताद, इथे पिक्चर नाही बनत. इथे मोजे घालायला शिकवतात." ते म्हणाले, "मोज्यात हात असतो की नाही?" कंपनीच्या साहेबाला मोज्यावरचा शिक्का हवा होता, हात नको होता. मी शॉट कापला. उस्ताद मागे उभे राहून बघत होते. मला वाटलं आता तोंड सोडतील. तर म्हणाले, "कापायचंच होतं तर बरोबर जागी कापलंस. मीही तिथेच कापलं असतं. तुला नजर आहे, बॉम्बे."

आता तुम्हाला हे काहीच वाटणार नाही. पण मला उभ्या जन्मात कुणी असं म्हटलेलं नव्हतं. लग्नवाले म्हणायचे, नवऱ्याच्या मामाचं तोंड कमी आलं. साहेब म्हणायचे, खलास झालं का, यल्ला, पाठव. मला नजर आहे हे सांगणारा एकच माणूस भेटला आणि तो खराखुरा डायरेक्टर होता. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी डबा जास्त आणायला लागलो. बांगड्याचं सालन त्यांना तिखट लागायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी भाकरीचा शेवटचा तुकडा पुसून खायचे.

जेवताना तुकड्यातुकड्यांनी त्यांची गोष्ट कळत गेली. त्यांच्या गावाशेजारून रेल्वेचे रूळ जातात आणि ते रूळ म्हणजेच सरहद्द. रुळांच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा. दोन्हीकडे कुर्दच. त्यांच्या आईचं माहेर पलीकडे राहिलं. तिचा भाऊ एकदा बहिणीला भेटायला रूळ ओलांडून आला आणि परत जाताना सुरुंगावर पाय पडून गेला. उस्ताद तेव्हा लहान होते. पुढे शिष्यवृत्ती मिळाली, मॉस्कोला सिनेमा शिकले, परत येऊन पहिला पिक्चर काढला तो ह्याच रुळांवर. गावचीच माणसं घेतली, ती आपल्या भाषेत बोलली. पिक्चर तयार झाल्यावर सरकारने सांगितलं, ही भाषा पडद्यावर चालणार नाही. सगळ्या पिक्चरवर अरबी आवाज चढवले. त्यांची म्हातारी चुलती पडद्यावर शहरातल्या कुठल्यातरी नटीच्या आवाजात बोलली. बाहेरच्या देशांत पिक्चरला बक्षिसंही मिळाली. उस्ताद म्हणायचे, "मी बक्षीस घ्यायला स्टेजवर गेलो आणि मला लाज वाटत होती."

दुसरा पिक्चर अर्धा झाला असताना रीळं जप्त झाली आणि ह्यांना उचललं. आत काय झालं ते कधी बोलले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, मासा चांगला झालाय. सुटल्यावर देश सोडला. आधी बैरूत, मग टीव्हीच्या मालिकांमध्ये कुणाचे तरी असिस्टंट, मग आखात. मग आमची शिडी, आमचे मोजे. बक्षीस मिळवलेला माणूस लोकांना हेल्मेटचा पट्टा आवळायला शिकवत होता. आई तिकडेच वारली. त्यांना मातीला जाता आलं नाही. पुढे लढाईत गावही उठलं.

पण एक पिक्चर त्यांच्या डोक्यात होता आणि त्यासाठी ते जगत होते असं म्हटलं तरी चालेल. रास अल खैरला खाणीचा माल आणणारी रेल्वे आहे. वाळवंटातून रूळ येतात, आजूबाजूला काही म्हणता काही नाही. आम्ही तिकडे कामाला गेलो की उस्ताद आमचं काम उरकून त्या रुळांचे शॉट घ्यायचे. सकाळचे, दुपारचे, धुळीच्या वाऱ्यातले. माझ्याकडे आणून द्यायचे, मी जपून ठेवायचो. मी विचारलं, "ह्या रुळांवर चढवणार काय?" ते म्हणाले, "आईचं गाणं."

त्यांच्याकडे बकरीच्या कातड्याची पिशवी तिवईला टांगतात आणि मागेपुढे हेलकावत ताकातून लोणी काढतात. ते करताना बायका गातात, आमच्या आया जात्यावर भावाचं गाणं म्हणायच्या तसं. उस्तादांच्या आईने रुळांपलीकडे राहिलेल्या आपल्या भावावर स्वतःच गाणं रचलं होतं. माहेरच्या वाटेवरच्या एकेका गावाचं नाव त्यात होतं, जुनं नाव, सरकारने बदलायच्या आधीचं. ते गाणं दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. उस्तादांना फक्त पहिली ओळ आठवायची. देश सोडायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मित्राचा हँडीकॅम आणून आईला गाताना टिपलं होतं. कॅमेऱ्यासमोर गायला ती लाजत होती, म्हणून मागे बसून तिची पाठ घेतली. सरहद्दीवर झडती होईल म्हणून कॅसेट बहिणीपाशी ठेवली. बहिणीने ती लढाईत, पावसात, मुलांच्या कपड्यांत गुंडाळून तुर्कस्तानात नेली आणि तिथून नदी ओलांडून पुढे जर्मनीला. दागिने वाटेत गेले, कॅसेट गेली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा एक चुलतभाऊ जर्मनीहून उमऱ्याच्या यात्रेला आला आणि ती कॅसेट घेऊन आला. पत्त्यांच्या कॅटाएवढी, आठ मिलिमीटरची. उस्तादांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि हात मागे घेतला. आत टेपवर पांढरी बुरशी दिसत होती. शेजारच्या खोबर शहरातल्या एका जुन्या स्टुडिओच्या येमेनी मालकाकडे चालू हँडीकॅम होता. त्याने कॅसेट उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, हिला भिजवलंय कुणीतरी. एकदा चालेल. दुसऱ्यांदा चालेल असं धरू नका. हँडीकॅम त्याने आम्हाला आठवडाभर दिला.

मी म्हटलं, "उस्ताद, तुम्ही शेजारी बसा." ते म्हणाले, "माझ्याने बघवणार नाही. मध्येच तुटली तर मी काय करीन मला माहीत नाही. तू कर. तुझ्या हातावर माझा भरवसा आहे." आणि ते रास अल खैरच्या शूटिंगला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मी बसलो. बिस्मिल्ला म्हटलं. हँडीकॅमची टेप वाचणारी डोकी स्पिरिटने पुसली, कॅसेट घातली, चालते का बघायला जरासं बटण दाबलं. आतली चाकं फिरली, कॅमेऱ्याच्या बारक्या स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला, दोन शब्द असतील नाहीतर तीन. मी लगेच थांबवलं, कारण टेप वाया घालवायची नव्हती. मग वायर जोडली. वायर जोडली की तो स्पीकर आपोआप बंद होतो.

अशा कॅमेऱ्यातून तीन पिना निघतात. पिवळी चित्राची, पांढरी आणि तांबडी आवाजाची. कॅसेटवरचं कॉम्प्युटरात घेणारा एक डबा माझ्या टेबलावर आहे, त्याला फक्त पिवळी वायर लावलेली असते. जुन्या प्लांटच्या कॅसेटी आल्या की मला चित्रच लागतं, बाकीच्या दोन वायरी नुसत्या गुरगुरतात, म्हणून मीच त्या कधीच काढून ड्रॉवरमध्ये टाकल्या होत्या. मी पिवळी पिन पिवळ्या भोकात घातली आणि बटण दाबलं.

चित्र आलं. रेघारेघांतून एक पाठ दिसली, डोक्यावर पांढरा रुमाल, तिवई, हेलकावणारी पिशवी. माझा जीव नुसता डोळ्यांत आला होता. आता तुटेल, मग तुटेल असं वाटत होतं. रेघ आली की मी बटणं फिरवायचो, चित्र सावरायचो, पुटपुटत दुवा मागायचो. अकरा मिनिटं चाललं. मग आत करकर झाली आणि टेप अडकली. उघडून बघितलं तर चुरगळून गुंता झालेला, डोक्यांवर तपकिरी भुकटी. पण अकरा मिनिटं आली होती. मी अल्लाचे आभार मानले. खरंच मानले. खुर्चीत मागे रेललो आणि थंड झालेला चहा प्यालो.

मग हेडफोन लावला. म्हटलं, बघू तरी म्हातारी कशी गाते.

काहीच ऐकू आलं नाही. मी आवाज वाढवला. हेडफोनची पिन बघितली. मग टेबलाकडे नजर गेली आणि कॅमेऱ्याची पांढरी आणि तांबडी पिन नुसत्या लोंबकळताना दिसल्या. मी उठून मोरीत गेलो आणि ओकलो. परत येऊन टेप सोडवली, सपाट केली, तुकडे चिकटवले, पुन्हा चालवायला गेलो. जिथे हात लावला तिथे वरचा थर भुकटी होऊन निघाला, खाली नुसतं पारदर्शक प्लास्टिक. चार दिवस मी ते करत होतो. एक शब्द निघाला नाही. मला सगळं माहीत होतं हो. गाणं आहे, त्या गाण्यासाठीच सगळा आटापिटा चाललाय, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. पण हाताने जे आयुष्यभर केलं तेच त्या दिवशीही केलं.

उस्तादांचा फोन मात्र त्याच दुपारी आला होता. मागे वारा घोंघावत होता. "निघालं?"

"निघालं," मी म्हटलं. "चित्र आलं. अकरा मिनिटं. आई दिसते, पाठ दिसते, हात दिसतात."

ते मग म्हणाले, "आवाज?"

"आवाज नाही आला, उस्ताद." इथवर खरं होतं. इथे गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण माझी जीभ पुढे गेली. "टेपवरच नाहीये. रेकॉर्डच झालेला नाही."

का बोललो? नोकरी जाईल म्हणून नाही. ते माझी नोकरी घालवणारे नव्हते. मला नजर आहे म्हणणारा एकच माणूस होता आणि तो आता माझ्याकडे कसा बघेल, ते मला नको होतं. एवढंच. इतक्या क्षुद्र गोष्टीसाठी मी त्या माणसाची आई दुसऱ्यांदा पुरली.

मग ते अगदी हळू म्हणाले, "त्या कॅमेऱ्याला बाहेरचा माईक होता. पिन सैल होती त्याची. मी पुरती आत घातली नसेल. घाईत होतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. इथे तर संन्याशाने स्वतःच मान पुढे केली आणि चोर बघत बसला.

त्यांनी बहिणीला कळवलं. तिचा फोन आला तेव्हा मी समोरच होतो. भाषा कळत नव्हती, पण ओरडणं कळत होतं, रडणं कळत होतं. उस्ताद मान खाली घालून ऐकत होते. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "ती म्हणते, मी एवढी नदी ओलांडून ती आणली, आणि तुला एक पिन नीट घालता आली नाही? डायरेक्टर होतास ना?" मी तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. मग म्हणालो, "चहा करू?"

त्यानंतर शूटिंगला ते माईकची पिन तीनतीनदा तपासायचे. ज्या फिल्मचा आवाज फेकूनच द्यायचा, तिच्यात. कॅमेऱ्यावरची पोरं मागे हसायची. मी एकाला झापलं, तर तो म्हणाला, "भाई, तुला काय झालं?" जुम्म्याच्या नमाजाला मी दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. परत येताना गाडीत ते शेजारी बसलेले असायचे आणि मी ट्रॅफिकवर बोलायचो.

रोज जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या मशीनवर ती अकरा मिनिटं लावायचे. डबा खायचे नाहीत. मी विचारलं, काय बघता? म्हणाले, "खांदे. गाताना खांदा वेगळा हलतो, नुसतं घुसळताना वेगळा. ओळ संपली की श्वास घ्यायला थांबतो माणूस. कुठे थांबते ते सापडलं तर ओळी सापडतील. ओळी सापडल्या तर गावांची नावं आठवतील." ते बोटाने टेबलावर ठेका धरायचे, पहिली ओळ पुटपुटायचे, दुसरीपाशी अडायचे. परत सुरुवातीला. कागदावर खुणा करायचे. असं सात-आठ महिने चाललं. मी शेजारी बसून त्यांना चित्र मागेपुढे करून द्यायचो. सेकंदाचा एकेक तुकडा करून द्यायचो. अल्ला माफ करो, काम मी चोख करत होतो.

मला कधी कधी वाटायचं, ते दोन-तीन शब्द तरी आठवावेत. जगात ते ऐकलेला जिवंत माणूस मी एकटाच. मी डोळे मिटून आठवायचो. बाई होती, आवाज जरा घोगरा होता. शब्द काही केल्या आठवत नाहीत. मला ती भाषाच येत नाही, राहणार कसे?

गेल्या हिवाळ्यात बहिणीच्या खटपटीने त्यांचे जर्मनीचे कागद झाले. शेवटच्या दिवशी ते दुपारी ऑफिसात आले. एक बॅग, एक जाड कोट, आमच्या दम्माममध्ये कधी न लागणारा. रुळांचे सगळे शॉट आणि ती अकरा मिनिटं मी त्यांना पेन ड्राइव्हवर करून ठेवली होती. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी ठरवलं होतं की आज नाही तर कधीच नाही. त्यांनीच आधी विषय काढला.

"बॉम्बे, मी आता ते बघायचं सोडलं," ते म्हणाले. "मला कळलंय. ते खांदे नुसते घुसळतायत. एकसारखे, न थांबता. त्यांत गाणं नाही. माईकची पिन सैल नसती तरी गाणं आलं नसतं. तीच गायली नसेल त्या दिवशी."

मी म्हणालो, "उस्ताद, तुम्हीच सांगितलं होतं की तुम्ही ऐकलंत."

"सांगितलं. पण मी पिक्चर बनवणारा माणूस. माझ्या आठवणीचा काय भरवसा? तुरुंगातून आलो होतो, डोकं ठिकाणावर नव्हतं. मामावर गाणं असायला हवं असं मला वाटलं असेल, म्हणून मी ते रचलं असेल. गावांची नावंसुद्धा. एक ओळ तेवढी येते, तीही माझीच असेल." ते माझ्याकडे बघत होते, त्या पहिल्या दिवशी मागे उभे राहून बघत होते तसेच शांत. "तू माझ्याइतक्याच वेळा पाहिलंयस. तुला नजर आहे. तू सांग. गाते ती?"

मला पांढरी पिन दिसत होती, तांबडी दिसत होती.

मी म्हणालो, "नाही गात, उस्ताद."

त्यांनी मान हलवली, पेन ड्राइव्ह कोटाच्या खिशात टाकला, मला जवळ घेऊन पाठीवर थोपटलं आणि खाली टॅक्सी आली होती तिकडे गेले.